तारवटलेले डोळे

आमचे दाजी तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलतात. हे कौतुक नाही, तक्रार आहे, आणि ती माझी नसून माझ्या ताईची आहे. जेवताना वाढणं थांबवायचं असलं तर हा माणूस 'पुरे' म्हणणार नाही. एक हात बाजूला लांब करणार, तळवा खाली, आणि हात मागेपुढे हलवणार. चहा आणखी हवा असला की तर्जनी वर करून हवेत गोल फिरवणार. ताई म्हणते, "अहो, मी काय सिमेंटची गोण आहे का वर उचलायला?" त्यावर दाजी गालातल्या गालात हसतात आणि बोट फिरवत राहतात.

दाजी टॉवर क्रेन चालवतात. मी त्याच बांधकामावर खाली उभा राहून त्यांना इशारे देतो. आमच्या धंद्यात मला सिग्नलमन म्हणतात. वॉकीटॉकी असते, पण जनरेटर सुरू झाला की तिच्यातून नुसती खरखर येते. मग उरतात ते हात. वर घे, खाली सोड, डावीकडे, सावकाश, थांब. दाजी ढगात, मी चिखलात, आणि दिवसभर आमच्या गप्पा चालू. त्यामुळे दाजींची एक खोड झाली आहे. हाताने जे सांगितलं ते ते 'म्हटलं' असंच धरतात.

"मघाशी म्हटलं ना, दार लावून घे म्हणून."

"कधी म्हटलंत? मी काय भिंतीकडे तोंड करून उभी होते?"

"म्हटलं की."

यावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी सासूवरूनही झाली नसतील. आणि ताईचा पट्टा फारच लांबला की दाजी शेवटचा इशारा काढतात. दोन्ही हात बाजूंना पसरायचे, तळवे जमिनीकडे, आणि दोन्ही एकदम मागेपुढे हलवायचे. म्हणजे असाल तिथे सगळं थांबवा. आमच्या कामात चालकाने फक्त सिग्नलमनचं ऐकायचं असतं, फोरमनचंसुद्धा नाही. हा एकच इशारा वेगळा. झाडूवाल्याने दिला, सहज बघायला आलेल्या पाहुण्याने दिला, तरी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि कारण नंतर विचारायचं. बांधकामावर सगळे हा नियम पाळतात. ताईने मात्र तो आजवर पाळलेला नाही.

तर झालं असं. माझी भाची, म्हणजे दाजींची मुलगी, तान्ह्या पोरीला घेऊन आईबापाकडे राहायला आली. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यात. पोरगी गोड, पण दिवसा झोपायची आणि अंधार पडला की पोट धरून भोकाड पसरायची. आजीच्या कुशीत राहीना, आईच्या राहीना. आजोबांच्या खांद्यावर टाकलं की गप्प. बसलेले आजोबाही तिला चालायचे नाहीत, चालते हवेत. ढगात बसून अख्ख्या गावावर नजर ठेवणारा माणूस स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या घालायला लागला. आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ताईने पुष्कळदा सांगितलं, मला द्या, तुम्ही झोपा. त्यावर दाजींचा हात बाजूला, तळवा खाली.

त्या सकाळी काचा चढवायच्या होत्या. भिंतीएवढ्या मोठ्या काचा, लाकडी पेट्यांत बांधलेल्या, परदेशातून आलेल्या. त्यांच्याबरोबर एक परदेशी इंजिनियरही आला होता. त्याला आम्ही काचवाला साहेब म्हणायचो. मी इमारतीच्या मागच्या बाजूला सळ्या उतरवून घेत होतो. मी पुढे येईपर्यंत दाजी वर चढून बसले होते.

दुसरी पेटी खाली सोडताना मी 'थांब' दाखवलं आणि क्रेन थांबली नाही. थांबली, पण उशिरा. पेटीचा कोपरा गच्चीच्या कठड्यावर आदळला आणि आतली काच अशी फुटली की मला वाटलं इमारतच हसली. एक तुकडा खाली आमच्या फिटरच्या पायावर पडला. बूट फाडून आत गेला. टाके पडले, पण पाय वाचला. माणूस आता लंगडत का होईना, कामावर येतो.

दाजी खाली उतरले तेव्हा पांढरेफटक पडले होते. मला एवढंच बोलले, "मी फोरमनला म्हटलं होतं. आज नको."

फोरमनने हात वर केले. म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नाही.

मग चौकशी बसली. दारूची तपासणी करायचं यंत्र त्या दिवशी नेमकं दुरुस्तीला गेलेलं होतं, त्यामुळे ती शंका मोकळीच फिरत राहिली. आरोप दोन. एक, कामाच्या वेळी शुद्धीत नसणं. तो सिद्ध झाला तर चालवायचा परवाना कायमचा रद्द. दुसरा, निष्काळजीपणा, आणि वर नकार दिल्याची खोटी बतावणी. त्यातही परवाना जाणारच, फक्त जरा सभ्य शब्दांत. दाजींना दुसरं काही येत नाही. जमिनीवर ते एक साधारण माणूस आहेत, रस्ता ओलांडताना ताई त्यांचा हात धरते. वर मात्र त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही. तो परवाना गेला असता तर दाजी गेल्यातच जमा होते, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणून मी सहकारी म्हणून त्यांच्या शेजारी बसायचा अर्ज केला.

खोली साधीच होती. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधे अध्यक्षबाई, डाव्या हाताला कंपनीचा एक टाय घातलेला माणूस, उजव्या हाताला यंत्रांचे म्हातारे तपासनीस. तपासनीस सगळा वेळ पेंगल्यासारखे दिसायचे. काचवाला साहेब इंग्रजीत बोलणार म्हणून एक दुभाषीबाई आणल्या होत्या. कडक इस्त्रीची, मोजून बोलणारी बाई. मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी वाटली. त्यांचं काम माझ्यासारखंच. इकडचं तिकडे न्यायचं, आणि हात जरा चुकला की कुणाच्या तरी पायावर.

फोरमनची साक्ष आधी झाली. "बाई, मी शपथेवर सांगतो, या माणसाने तोंडातून ब्र काढला नाही. सरळ शिडी चढला."

दाजींना विचारलं, "तुम्ही नकार दिलात म्हणता. काय म्हणालात?"

"थांबवा म्हटलं."

"मोठ्याने म्हटलंत?"

दाजी गोंधळले. "नेहमीसारखं म्हटलं."

टायवाला हसला. मला त्याचा टाय ओढावासा वाटला.

मग साहेब. दुभाषीबाई त्याचं एकेक वाक्य आमच्या भाषेत ठेवत गेल्या. "हो, मी चालकाला पाहिलं. क्रेनच्या पायथ्याशी, फोरमनच्या समोर. मी जरा लांब, पेट्यांजवळ होतो."

"चालक काही बोलला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. त्याचे ओठ हलले नाहीत."

"दिसत कसा होता?"

साहेबाने एकच शब्द टाकला. ब्लिअरी-आइड. दुभाषीबाई क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "डोळे तारवटलेले होते."

झालं. अध्यक्षबाईंनी मान खाली घालून लिहिलं, टायवाल्याने खुर्ची मागे सारून पाय लांब केले. आपल्याकडे डोळे तारवटतात ते दोन कारणांनी. एक जागरण, दुसरं बाटली. आणि अंगावर सिमेंट उडालेल्या माणसाचे डोळे तारवटले असं ऐकलं की जागरण कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. चौकशी दुसऱ्या दिवसावर गेली, पण निकाल माणसांच्या चेहऱ्यांवर तेव्हाच दिसायला लागला होता.

बाहेर व्हरांड्यात मी दुभाषीबाईंना गाठलं. माझा पारा चढलेलाच होता. "बाई, तुम्ही आमचा माणूस पिऊन आला होता असं सांगितलंत."

"मी तारवटलेले म्हटलं."

"तेच ते."

त्यांनी राग मानला नाही. पर्स बाकावर ठेवली आणि विचार करून बोलल्या. "तो शब्द अवघड आहे हो. डोळे पाणावलेले, अर्धवट मिटलेले, नीट न दिसणारे. झोप झाली नाही तरी इंग्रजीत तोच शब्द, रडून झालं तरी तोच, प्यायलं तरी तोच. म्हणून मी आपल्याकडचाही दोन्हीकडे जाणारा शब्द घेतला. वाटलं, प्रामाणिक आहे. पण खोलीने एकच बाजू ऐकली."

"मग नुसतं जडावलेले म्हणायचं."

"ते साहेब म्हणाले नाहीत ना. तुम्हाला सोयीचं पडेल ते मी त्यांच्या तोंडी कसं घालू?" हे बोलणं मला आवडलं नाही आणि खोटंही पाडता आलं नाही. "उद्या मी परवानगी मागते," त्या म्हणाल्या. "त्यांनाच विचारू दे, त्यांना काय म्हणायचं होतं ते."

संध्याकाळी ताईकडे गेलो. ताईने ऐकलं आणि हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. "तारवटलेले? यांना खोकल्याचं औषध दिलं तर झोकांड्या जातात! पेंगुळलेले म्हणा, चुरचुरणारे म्हणा, खोल गेलेले म्हणा. शब्दांचा काय दुष्काळ पडलाय?" मग ती एकदम दाजींकडे वळली. दाजी पोरीला खांद्यावर टाकून बाल्कनीच्या दाराशी उभे होते. "आणि तुम्ही. खरंच म्हटलं होतंत का फोरमनला?"

"म्हटलं."

"नक्की? की नेहमीसारखं, मनातल्या मनात? घरात तरी तुम्ही कधी तोंड उघडून काही म्हणता का, म्हणून विचारते."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा फेऱ्या घालायला लागले. मला फार वाईट वाटलं. टायवाला हसला तेव्हा दाजींचा चेहरा हलला नव्हता. आता हलला. बायकोलाही आपलं खरं वाटत नाही, हे त्यांना लागलं. ताईलाही ते कळलं असावं, कारण ती नंतर बराच वेळ आधीच पुसलेला ओटा पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबाला परत बोलावलं. अध्यक्षबाईंनी दुभाषीबाईंमार्फत सरळ विचारलं, काल तुम्ही जो शब्द वापरलात, त्याने तुम्हाला चालक प्यायलेला होता असं सुचवायचं होतं का?

साहेब दचकला. दुभाषीबाईंनी त्याचं बोलणं सांगितलं, "छे छे. मुळीच नाही. त्याचा तोलही जात नव्हता."

मी दाजींच्या गुडघ्यावर थाप मारली. जरा घाईच केली.

"मग फार थकलेला होता, असं म्हणायचं होतं?"

साहेब हसला, मोकळेपणाने, चांगल्या मनाने. "तसंही नाही. अहो, एवढ्या सकाळी कोण ब्लिअरी-आइड नसतं? मीही होतो. कॉफी मिळेपर्यंत सगळेच असतात. आमच्याकडे हा शब्द असा सहज वापरतात."

बसा आता. ज्या शब्दाने आम्हाला दारुडे ठरवलं होतं, त्यानेच आता आम्हाला ठणठणीत ठरवलं. टायवाल्याने लगेच दोर पकडला. "म्हणजे चालक बाकी सगळ्यांसारखाच होता. थकलेला नाही, आजारी नाही, काही बोललाही नाही. मग नकार दिल्याची ही गोष्ट नंतर रचलेली आहे, असंच म्हणावं लागेल."

दाजी खाली बघत होते. दोन्ही हात मांडीवर, जणू कुणी बांधून ठेवलेत.

तेवढ्यात दुभाषीबाई बोलल्या, पहिल्यांदाच स्वतःच्या वतीने. "अध्यक्ष महोदया, एक सुचवू? या शब्दाला मी कितीही वळवलं तरी तो कुठेतरी जास्त किंवा कमी पडणार. साक्षीदारांनी त्या सकाळी काय पाहिलं ते उभं राहून करून दाखवावं. म्हणजे मध्ये मीच नको."

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. साहेबाला गंमत वाटली असावी. तो उठला, टेबलासमोर मोकळ्या जागेत आला. आधी पापण्या अर्ध्या मिटल्या. मान जरा पुढे टाकली. मग मनगटाने एक डोळा चोळला, दुसरा चोळला, आणि डोकं झटकलं. हुबेहूब दाजी. "आणि मग," दुभाषीबाई त्याच्या मागोमाग सांगत होत्या, "मग त्याने आळस दिला. झोपेतून उठल्यावर देतात तसा."

साहेबाने आळस देऊन दाखवला. दोन्ही हात बाजूंना पसरले. तळवे जमिनीकडे. आणि दोन्ही हात एकदम मागेपुढे, मागेपुढे हलवले.

मी उठलोच, पण माझ्या आधी पेंगणाऱ्या तपासनीसांची खुर्ची मागे सरकली होती. "पुन्हा," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, पुन्हा करा."

साहेबाने पुन्हा केलं, आता जरा बिचकत.

"किती वेळा केलं त्याने असं?"

दुभाषीबाईंनी विचारून सांगितलं, "दोनदा. मला वाटलं, बिचाऱ्याची पाठ आखडली असेल."

"कुणाकडे तोंड करून?"

"फोरमनकडे. फोरमन त्याच्याकडेच बघत होते. मग त्यांनी बोट वर करून गोल फिरवलं आणि पाठ फिरवून निघून गेले."

तपासनीस फोरमनकडे वळले. "चालकाने तोंडातून ब्र काढला नाही म्हणालात. बरोबर बोललात. आता सांगा, हात काय करत होते त्याचे?"

फोरमनने टेबलाची कड निरखायला घेतली. काचांचा ट्रक खोळंबला होता, असं काहीतरी तो पुटपुटला. ते नाही म्हणणं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

अध्यक्षबाई आणि टायवाला एकमेकांकडे बघत होते, म्हणून तपासनीसांनी त्यांना तो इशारा समजावून सांगितला, तो कुणीही दिला तरी मानावा लागतो हेही सांगितलं. मला स्वतःचं हसू येत होतं आणि रडूही. मी रोज हातांनी बोलणारा माणूस. दाजींनी 'म्हटलं' म्हटल्यावर ते कशाने म्हटलं, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण आमच्याकडे म्हणणं म्हणजे हातच. फोरमनलाही ते माहीत होतं. त्याने आपली शपथ ओठांपुरती घेतली होती.

साहेब अजून मधेच उभा होता, हात अर्धवट पसरलेले. दुभाषीबाईंनी त्याला हळू आवाजात सांगितलं, आपण आळस म्हणून काय दाखवलंत ते. त्याचा चेहरा उतरला. त्याने दाजींकडे पाहिलं आणि घाईने हात खाली घेतले.

"चालकांना काही सांगायचं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

दाजी उठले. मला वाटलं, आता हा माणूस हातच करणार. पण त्यांनी ते पाठीमागे धरले होते. "मी म्हटलं होतं," ते म्हणाले. आवाज फुटला होता, पण तोंडानेच बोलले.

परवाना राहिला. तरीही वर चढलात हे चुकलं, असा ठपका आला, आणि तो दाजींनी मान्य केला. फोरमनला बांधकामावरून काढलं. व्हरांड्यात साहेब आला, दुभाषीबाईंना काहीतरी म्हणाला. "ते विचारताहेत, माफी मागायचा इशारा कोणता?" दाजींनी खरंच थोडा वेळ आठवून पाहिलं. "नाही हो, आमच्यात नाही तो," ते म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. पोरगी नेमकी जागी, आणि रडत. दाजींनी चपला काढल्या, पाय धुतले आणि सवयीने खांदा पुढे करून तिला घ्यायला गेले. ताईला मी दारातच सगळं सांगितलं होतं, हातवाऱ्यांसकट. आता तिने पोरीला भाचीच्या हातात दिलं आणि ती दाजींच्या वाटेत आडवी उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. लाल, सुजलेले, पाणी येणारे डोळे, ज्यांना दोन भाषांत मिळून एक धड शब्द सापडला नव्हता.

"मला तरी कळायला हवं होतं," ती म्हणाली.

"अगं, जाऊ दे. घेऊ दे तिला, दोन फेऱ्या मारतो."

ताईने दोन्ही हात बाजूंना पसरले, तळवे जमिनीकडे, आणि मागेपुढे हलवले. जरा वाकडाच झाला इशारा. पण तो कुणीही दिला तरी मानावा लागतो. दाजी आतल्या खोलीत जाऊन झोपले.